महालक्ष्मीच्या कोठीवर नाताळ

लातूर, औसा रोड
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

चि. सुकन्या हिस,

आशीर्वाद लिहिला आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव. माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता मुद्दाम छापल्यासारखा काढलाय. फसवलं म्हणशील. म्हण. तुला फसवायची माझी ही पहिली वेळ नव्हे.

पत्र कामाचंच आहे. तुमच्याकडे नाताळात दारावर कागदाची मोठी चांदणी टांगतात, तिच्या आत दिवा कसा बसवतात? कागद पेटत नाही का? आणि गाईगुरांचा तो गोठा मांडतात, त्यात बाळ आधीपासूनच ठेवायचं असतं की एखादी ठरलेली वेळ असते? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं कळव. पोस्टकार्डावर मावतील.

कारण सांगतो. शिवमची मुलगी राजनंदिनी, आम्ही तिला नंदू म्हणतो, ती आता नऊ वर्षांची आहे. तुला माहीत असायचं कारण नाही. तिच्या शाळेनं 'ख्रिसमस कोझी कॉर्नर' नावाची स्पर्धा काढली आहे. घरातला एक कोपरा सजवायचा, तिथं बसून मुलानं रोज वीस मिनिटं घरातल्या मोठ्या माणसाला पुस्तक वाचून दाखवायचं, आणि फोटो काढून बाईंना पाठवायचे. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घासली मी. असला अभ्यास कधी कुणाला दिला नाही आणि दिला असता तर पालकांनी मला गावाबाहेर काढलं असतं.

"कोझी म्हंजे काय गं?" मी नंदूला विचारलं.

"उबदार, आबा."

"मग ऊन येतं तो कोपरा घ्या."

हे बोललो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ऊन येतं तो कोपरा माझा. तिथं माझा दिवाण आहे, औषधाचं स्टूल आहे, वॉकर आहे. आता तिथं लाल उश्या आल्या, पडद्याच्या नळीला लाइटच्या माळा आल्या आणि मधोमध मी. ऐकणारा मोठा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली आहे. आमच्या सूनबाई शिवांगी फोटोच्या वेळी माझ्या डोक्यावर ती लाल टोपी घालतात. गोंडा डोळ्यावर येतो. उठून जावं म्हटलं तर जायचं कुठं?

वॉकरचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर जिन्यात पडलो. खुब्याचं हाड मोडलं, त्यात सळई घातली. सकाळी पेपर आणायला खाली उतरत होतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हापासून शिवम दाराला बाहेरून कुलूप लावून जातो. तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, शिवांगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये, नंदू शाळेत. दहा ते दोन मी कुलपाच्या आत. "अप्पा, तुमच्याच भल्यासाठी करून राहिलो," असं शिवम म्हणतो. शेळीच्या गळ्यात दावं बांधताना आम्हीही हेच म्हणायचो.

दुसरी किल्ली पार्वतम्माकडे. ती बिदरकडची, अकराला भांडी घासायला येते. हे पत्र तीच पेटीत टाकणार आहे. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि शिवमकडे मागायचा तर आधी बरंच काही बोलावं लागेल. पत्ता मात्र पाठ आहे. तरोडा नाका, चर्चच्या मागची गल्ली.

आनंदरावांना, म्हणजे आनंदराजांना, नमस्कार सांग असं लिहिणार होतो. बारा वर्षांत सांगितला नाही तो आज सांगणं बरं दिसत नाही. तुझ्या लग्नाबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझ्या आईच्या शेवटच्या वेळेबद्दलही नाही. चांदणीचं तेवढं कळव.

शेषेराव
(निवृत्त मुख्याध्यापक)


बुधवार, १७ डिसेंबर

चि. सुकन्या,

उत्तर आलं नाही. टपालखात्याला दोष देऊन मोकळा झालो असतो, पण पार्वतम्मा म्हणाली, "अण्णा, मी सोत्ता पेटीत हात घालून टाकले वो." तेव्हा दोष कुणाचा ते उघड आहे.

चांदणीत आम्ही आपल्या मनानं सेलवर चालणारा दिवा टाकला. झाडाची मात्र कथा झाली. शिवांगीनं मोबाइलवर झाड मागवलं. फोटोत ते माणसाएवढं दिसत होतं. खोका उघडला तर तांब्यात बसेल एवढं निघालं. नंदूनं भोकाड पसरलं. मी दुपारी डोळा लागून पडलो होतो, उठून बघतो तो समोर हिरवं झाड उभं.

झाड कसलं! माळ्यावरून महालक्ष्मीची पत्र्याची कोठी काढली होती. गौरीच्या सणात आपण तिच्यावर मुखवटा ठेवून साडी नेसवतो ना, तीच, तुझ्या आईची. शिवांगीनं तिला वरून खालपर्यंत हिरवी साडी गुंडाळली, साडीला चमकीचे गोळे टाचले, आणि जिथं मुखवटा बसतो तिथं टोकाला चांदणी बसवली.

"महालक्ष्मीच्या कोठीवर नाताळ?" मी म्हणालो.

"मुखवटा कुठं लावलाय अप्पा? नुसती कोठी तर हाय," शिवांगी म्हणाली. सूनबाईंचं शास्त्र पक्कं असतं.

दुसऱ्या दिवशी अकराला पार्वतम्मा आली आणि दारातच थबकली. "अय्यो! म्हालक्ष्म्या आत्ताच बसवल्या का वो? आनि एकच?" मी काही बोलायच्या आत तिनं पाय धुतले, देवघरातलं हळदीकुंकू आणून कोठीला वाहिलं, पदराचा सोगा शोधून त्यात तांदूळ आणि नारळ घालून ओटी भरली, आणि हात जोडून उभी राहिली. ज्येष्ठा एकटी का, धाकटी कुठं गेली, हा प्रश्न तिला पडला होता. मी सांगितलं, धाकटी अजून यायची आहे. का सांगितलं ते मलाच कळलं नाही.

संध्याकाळी तोच फोटो शाळेत गेला. झाडाला हळदीकुंकू, पोटाशी नारळ, बाजूला लाल टोपीतला मी. बाईंचं उत्तर आलं, "व्हेरी इनोव्हेटिव्ह." शिवम हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, खुबा दुखेपर्यंत.

आता त्या साडीचं. हिरवी इरकल आहे, लाल काठाची. ती माझ्या ट्रंकेत तळाशी होती. शिवांगीला वाटलं जुनीच कुठली तरी. जुनी आहे, पण नेसलेली नाही. लग्नानंतरच्या तुझ्या दुसऱ्या पत्रात तुला दिवस गेल्याचं होतं. ते मी तुझ्या आईला वाचून दाखवलं आणि तिनं चार दिवसांत उदगीरहून ही इरकल आणली. "लेकीला हिरवं नेसवाया पायजे. तुम्ही एष्टीत पार्सल टाका." टाकतो म्हणालो. ट्रंकेत टाकली. अकरा वर्षं झाली.

रोजच्या वाचनाबद्दलही सांगतो. नंदूचं पुस्तक इंग्रजीत आहे, बर्फात हरवलेल्या कोकराचं. ती एक ओळ इंग्रजीत वाचते आणि मला मराठीत सांगते. अवघड ओळ आली की गुपचूप गाळते. पण मी मास्तर. पानावर बोट ठेवून म्हणतो, "ही ओळ राहिली." ती म्हणते, "तुम्हाला कसं कळतं आबा?" ओळी गाळणाऱ्याला ओळखायला मला वेळ लागत नाही, एवढंच सांगितलं.

काल तिनं गोठा मांडला. पुठ्ठ्याचा गोठा, मातीच्या गाई, पोळ्याचे उरलेले बैल. देवणी गाय इथं चालेल का म्हणून मी विचारलं. चालते म्हणाली. मी मधलं बाळ उचलून गवतावर ठेवलं तर तिनं ते काढून घेतलं. "आत्ता नाही आबा, बाळ चोवीसला ठेवायचं. आत्याकडं तसंच असतं."

बोलली आणि जीभ चावली. स्वयंपाकघरात शिवांगीच्या हातातलं भांडं खाली पडलं.

कुठल्या आत्याकडे, हे मी विचारलं नाही. तिला एकच आत्या आहे.

शेषेराव


रविवार, २१ डिसेंबर

सुकन्या,

आज शिवमला सुट्टी होती. समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, "हाव. जातो आम्ही. आठ वर्षं झाली."

आठ वर्षं! दर पंचवीस डिसेंबरला ही मंडळी 'शिवांगीच्या माहेरी देवणीला जाऊन येतो' म्हणून निघायची आणि मी आपला सोप्यातून ओरडायचो, "व्याह्यांना नमस्कार सांगा." ते सांगतो म्हणायचे. येताना डबा आणायचे, करंज्या आणि त्या खारट-गोड शंखासारख्या कुरकुऱ्या. मी खाऊन म्हणायचो, देवणीच्या विहीणबाईंच्या हाताला चव आहे. तुझ्या हातचं खात होतो मी, आठ वर्षं, आणि तारीफ दुसऱ्या बाईची करत होतो. तिकडं तुम्ही किती हसला असाल.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? वॉकर आपटला. "माझ्याच घरात मला मूर्ख बनवलं तुम्ही सगळ्यांनी." शिवम शांतपणे म्हणाला, "तुम्ही मला आईच्या मातीला काय सांगितलं होतं अप्पा? सुकीला कळवलंय, ती येत न्हाई म्हणाली. दोन वर्षं मी त्या पोरीशी बोललो न्हाई. मग कळलं तिला तेरावं झाल्यावर पोस्टकार्ड गेलं होतं."

ते खरंच आहे. पोस्टकार्ड माझ्याच अक्षरात होतं.

मग त्यानं मला विचारलं, "दिवाळीनंतर तुम्ही कुठं निघाला होता? पेपर तर दारात येतो." या घरात पेपर दारात येतो, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. मी नांदेडच्या गाडीला निघालो होतो. अहमदपूर, लोहामार्गे जाणारी सकाळची गाडी. कुणाला न सांगता, हातात पिशवी घेऊन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरला. पिशवीत तुझी तीन पत्रं होती, लग्नानंतरच्या तीन नाताळांची. दवाखान्यात ती शिवमच्या हाती लागली. म्हणून कुलूप. मी परत असा निघेन आणि या वेळी जिना मला सोडणार नाही, याची त्याला धास्ती आहे.

त्यानं तुला फोन लावला, माझ्यासमोरच. तुझा आवाज मला नीट ऐकू आला नाही, कानाचं यंत्र लावलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यानं सांगितलं, की दोन्ही पत्रं तुला मिळाली, तू वाचलीस. "ती म्हणती, चांदणीचं लिहिलंय, झाडाचं लिहिलंय, आईचं काहीच न्हाई. दर वर्षी ती मला एकच गोष्ट विचारती अप्पा. आईनं शेवटी माझं नाव काढलं होतं का? मी पुण्यात होतो, मला काय ठाऊक? तुम्हीच होता तिच्याजवळ. ती म्हणती, अप्पांना यायचं आसंल तर येऊ द्या, पण आधी तेवढं सांगा म्हणावं."

शिवम म्हणाला, पंचवीसला खुर्चीत बसवून आम्ही दोघं तुम्हाला खाली उतरवू, गाडीत मागं आडवं करू, तीन तासांत नांदेड. तिथं बसून सांगा.

मी नाही म्हणालो. त्याला वाटलं मी अजून अडून बसलोय. तसं नाही. मी स्वतःला ओळखतो. तुझ्या घरी आलो की नातू दिसेल, गोड खाईन, दोन विनोद करीन, तू विचारलंस की पाणी मागीन, आणि न सांगता परत येईन. आयुष्यभर हेच केलंय. इथं निदान दार बंद आहे आणि समोर कागद आहे.

उत्तर मला माहीत आहे. मला चार दिवस दे.

इरकल कोठीवरून उतरवून घेतली. शिवांगीनं टाचण्यांची भोकं सुईनं सरळ केली, इस्त्री केली. शिवम ती घेऊन येईल. झाडाला आता माझी हिरवी लुंगी नेसवली आहे. शाळेला फोटो पाठवू नका म्हणून सांगितलंय.

अप्पा


गुरुवार, २५ डिसेंबर

सुकन्या,

सकाळी आठला सगळे निघाले. आज पहिल्यांदा कुणी देवणीचं नाव घेतलं नाही. "नांदेडला आत्याकडं जाऊन येतो आबा," नंदू म्हणाली. मी म्हणालो, "या." कुलूप लावू की नको म्हणून शिवम दारात घुटमळत होता. मीच सांगितलं, लाव. उघडं ठेवलंस तर मी वॉकर घेऊन जिन्याकडे जाईन आणि हे पत्र लिहायचं टळेल.

साडेदहा झाले. पार्वतम्मा यायच्या आत संपवायचं आहे.

तुझी आई निरक्षर होती. त्यामुळे तुझी तिन्ही पत्रं मीच तिला वाचून दाखवली. ती भाकरी थापता थापता ऐकायची. तिन्ही पत्रांत तू लिहिलं होतंस, 'आई, अप्पा येत नसतील तर तू एकटी ये, स्टँडवर आनंदराज घ्यायला येईल.' ती ओळ मी तिन्ही वेळा गाळली. तिला वाटत राहिलं, लेक खुशाल आहे पण बोलवत नाही. "बोलावलं तर जाईन की मी," असं ती एकदा म्हणालीसुद्धा. मी ऐकलं आणि तंबाखू मळत बसलो.

मग तिसऱ्या पत्रानंतरच्या जानेवारीत तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. उदगीरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती चार दिवस होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सुकीला बोलवा." मी फोन घेऊन अंगणात गेलो. नंबर पत्रात होता. फोन हातात धरून उभा राहिलो आणि तसाच खिशात घातला. गावात पारावर बसून मी सांगितलं होतं की ती पोर मला मेली. ती आता दारात उतरली तर लोक काय म्हणतील, एवढाच विचार होता. दुसरं काही मोठं कारण नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "निगाली का वं ती?" मी म्हणालो, पत्र आलंय तिचं. "वाचा की मग."

माझ्या खिशात लाइटचं बिल होतं. ते उघडलं आणि वाचायला लागलो. 'ती. आईस, सुकन्याचा नमस्कार. तुझं कळलं. मी लेकराला घेऊन निघाले आहे. उद्या पोचते.' तुझी लिहायची ढब मला पाठ होती. मुख्याध्यापकाला असं वाचता येतं. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी तुझ्या लेकराचं, प्रेमचं, नाव घातलं, तिला बरं वाटावं म्हणून. तिनं डोळे उघडले. "मगाशी लेकराचं नाव न्हवतं वाचलं."

मी कागदाची घडी केली. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला कळलं होतं का, हे मला दहा वर्षांत ठरवता आलेलं नाही. कळलं असेल तर तिनं मला त्या घडीला सांभाळून घेतलं. नसेल कळलं तर मी तिला शेवटपर्यंत फसवलं. यांतलं कुठलं बरं, ते तूच सांग.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनबाईंकडून तिनं केस विंचरून घेतले. "लेक येनार हाय, आशी कशी दिसू?" खाट दाराकडे तोंड करून फिरवायला लावली. आणि चौथ्या दिवशी दुपारी चारला, उन्हं दारातून आत आली होती तेव्हा, दाराकडे बघता बघता गेली. शिवम संध्याकाळी पोचला. त्याला मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे.

हे वाचल्यावर तू मला घरात घेणार नाहीस हे धरून चाललोय. घेऊ नकोस. शिवम, शिवांगी, नंदू येत राहतील, त्यांना माझ्याकडून आडकाठी नाही.

पण तू दर वर्षी विचारतेस म्हणून लिहितो. तिनं तुझं नाव काढलं होतं, पोरी. चार दिवस तिनं दुसऱ्या कुणाचंच नाव काढलं नाही. माझंसुद्धा नाही.